मुलागणिक बदलणारी ऑनलाइन शिकवणी कशी रचायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे शहरातले आणि मुळशी, भोर, जुन्नरकडचे शिक्षक, पेठांमधले आणि हडपसरचे क्लासचालक, पालक, शिवाय आठवडाभर हिंजवडीत कोड लिहून शनिवारी गावच्या शाळेसाठी काहीतरी उभं करू पाहणारी तरुण मंडळी आम्हाला जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. आमचं काम पाचवी ते आठवीच्या गणितात चालतं, म्हणून उदाहरणं बहुतेक तिथलीच आहेत.

"मुलागणिक बदलणारी" म्हणजे नक्की काय बदलतं?

पुढचा प्रश्न कोणता येणार, चुकल्यावर मदत कुठल्या प्रकारची मिळणार आणि एकदा जमलेला घटक पुन्हा किती दिवसांनी समोर येणार, हे बदलतं. पडद्याचा रंग, कार्टून, नाव घेऊन दिलेली शाबासकी यांनी मुलाला बरं वाटतं, पण शिकवणी तीच राहते. कल्पना जुनी आहे. १९७० मध्ये हाइमे कार्बोनेल यांनी दक्षिण अमेरिकेचा भूगोल शिकवणारा 'स्कॉलर' हा प्रोग्राम मांडला. तो विद्यार्थ्याला प्रश्न विचारायचा आणि विद्यार्थ्याने विचारलेल्या प्रश्नांना उत्तरंही द्यायचा.

आमच्या ॲपमध्ये व्हिडिओ आणि त्याखाली दहा प्रश्नांची चाचणी आहे. तेवढं पुरत नाही का?

नाही. दहापैकी चार मिळालेल्या मुलाला आणि नऊ मिळालेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी तोच पुढचा धडा उघडत असेल, तर त्या चाचणीचा मुलाला काहीच उपयोग झाला नाही.

सुरुवात कुठून करावी? कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी. आधी कोरा कागद घ्या आणि एकाच घटकाचा नकाशा काढा. समजा शेकडेवारी घेतली. '२४० चे १५ टक्के' काढायला मुलाला काय काय यावं लागतं? टक्का म्हणजे शंभरातला भाग हे उमगणं, तो अपूर्णांकात मांडणं, अपूर्णांकाने पूर्ण संख्येला गुणणं, अतिसंक्षिप्त रूप देणं, त्यासाठी विभाज्यतेच्या कसोट्या आणि पाढे. यातलं कशावाचून काय अडतं ते बाणांनी जोडत जा. बाण मागे मागे जात तिसरी-चौथीपर्यंत पोहोचतील. जाऊ द्या. इयत्तेच्या कुंपणाशी नकाशा थांबवला की सातवीत बसलेल्या, पण भागाकारात अडकलेल्या मुलाला तुमची प्रणाली सातवीतलेच सोपे प्रश्न देत राहते आणि मूल जिथे अडलंय तिथे कधी पोहोचतच नाही.

या विचाराला पक्कं गणिती रूप दोन्यों आणि फालमान्य यांनी १९८५ मध्ये दिलं. 'ॲलेक्स' ही प्रणाली त्याच पायावर उभी आहे. मूल आत्ता नकाशावर कुठे आहे आणि तिथून पुढचं कुठलं पाऊल त्याच्या आवाक्यात आहे, एवढंच ती शोधत असते.

नकाशा दोन शिक्षकांकडून वेगवेगळा काढून घ्या आणि मग समोरासमोर ठेवा. एखाद्या बाणावर एकमत झालं नाही तर तो तात्पुरता ठेवा. त्याचा निकाल पुढे मुलांची उत्तरंच लावतात. पहिली गोष्ट येत नाही पण दुसरी येते अशी बरीच मुलं दिसली, तर तो बाण खोटा.

प्रश्नपेढी आमच्याकडे मोठी आहे. ती तशीच वापरता येईल?

थोडीच येईल. बहुतेक प्रश्नपेढ्या मूल्यमापनासाठी केलेल्या असतात. त्यातला चुकीचा पर्याय फक्त चुकीचा असतो, तो काही सांगत नाही. इथे आपल्याला चुकीच्या उत्तरातून मुलाचा विचार वाचायचा आहे.

४०२ − १५६ ही हातच्याची वजाबाकी घ्या. बरोबर उत्तर २४६. एका मुलाने ३५४ लिहिलं. त्याने प्रत्येक स्थानी लहान अंक मोठ्यातून वजा केला: सहातून दोन, पाचातून शून्य, चारातून एक. दुसऱ्याने ३४६ लिहिलं. त्याला हातचा घ्यायचा हे ठाऊक आहे, त्याने शून्याचे नऊही केले, पण शतकस्थानचा एक कमी करायचा राहिला. तिसऱ्याचं उत्तर २४५ आलं, म्हणजे बहुधा मोजताना घसरलं. तिघांनाही शून्य गुण. पण पहिल्याला दशक सुटा करून दाखवायला हवा, काड्यांचे गठ्ठे घेऊन, अगदी मुळापासून. दुसऱ्याला शून्य असलेली दोन-तीन उदाहरणं सोडवून दाखवली की भागतं. तिसऱ्याला फक्त 'पुन्हा बघ' म्हणायचं. तिघांना एकच व्हिडिओ परत दाखवणं म्हणजे दोघांचा वेळ घालवणं.

वजाबाकीतल्या अशा पद्धतशीर चुकांची यादी ब्राउन आणि बर्टन यांनी १९७८ मध्येच केली होती. मूल मनाला येईल ते लिहीत नाही. ते एक नियम पाळत असतं, फक्त तो नियम चुकीचा असतो. आमच्या मते प्रणालीचा खरा कस इथे लागतो. बाकीचं गणित नंतर बसवता येतं. चुकीचे पर्याय नीट घडवलेले नसतील तर कितीही भारी अल्गोरिदम लावा, त्याला वाचायला काही मिळत नाही.

मुलाला एखादी गोष्ट आली की नाही, हे यंत्राला कसं कळतं?

नक्की कळत नाही. ते अंदाज बांधतं आणि दर उत्तरागणिक तो सुधारतं. सर्वांत समजायला सोपी रीत कॉर्बेट आणि अँडरसन यांनी १९९० च्या दशकात मांडली. तिच्यात प्रत्येक कौशल्यासाठी चार आकडे लागतात: मुलाला ते आधीच येत असण्याची शक्यता, एका प्रश्नाच्या सरावातून शिकण्याची शक्यता, येत नसूनही अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता आणि येत असूनही चुकण्याची शक्यता.

आकडे घालून बघू. सुरुवातीची शक्यता ०.४०, शिकण्याची ०.१०, येत असूनही चुकण्याची ०.१०. प्रश्नाला चार पर्याय आहेत, म्हणून अंदाजाची ०.२५. मुलाने पहिलं उत्तर बरोबर दिलं की त्याला ते येत असल्याचा यंत्राचा अंदाज ०.४० वरून साधारण ०.७४ वर जातो. दुसरंही बरोबर आलं तर ०.९२, तिसऱ्याला ०.९८. पण दुसरं चुकलं तर ०.७४ वरून थेट ०.३४ वर. आता तोच प्रश्न पर्याय न देता रिकाम्या चौकटीत उत्तर लिहायला लावा आणि अंदाजाची शक्यता ०.०५ धरा. पहिल्याच बरोबर उत्तराला आकडा ०.९३ वर पोहोचतो. म्हणून जिथे शक्य आहे तिथे उत्तर लिहून घ्या. मुलाचा निम्मा सराव वाचतो आणि तुमचा अंदाजही पक्का होतो.

२०१५ मध्ये स्टॅनफर्डमधल्या गटाने हेच काम न्यूरल नेटवर्ककडून (भरपूर उदाहरणांवरून स्वतः शिकणाऱ्या प्रोग्रामकडून) करून घेण्याची पद्धत मांडली. तिला भरपूर नोंदी लागतात आणि ती असा निष्कर्ष का काढते हे शिक्षकाला उलगडून सांगता येत नाही. शंभर-दोनशे मुलांवर काम असेल तर चार आकड्यांची रीतच बरी.

"आलं" कधी म्हणायचं?

रूढ उंबरठा ०.९५ चा आहे. पुढचं बरंच काही ज्यावर उभं आहे, उदाहरणार्थ अपूर्णांकांचा समच्छेद, तिथे तो खाली आणू नका. एखाद्या आडवाटेच्या घटकाला ०.८५ चालतं. आणि एकदा आलं म्हणजे कायमचं आलं असंही नाही. विस्मरणाचा आलेख एबिंगहाउसने १८८५ मध्ये काढला. दोन दिवसांनी, आठवड्याने, महिन्याने एखादा प्रश्न परत समोर यायलाच हवा.

नवीन मुलाबद्दल काहीच माहिती नसते. मग पहिला प्रश्न कोणता?

नकाशाच्या मधला. बरोबर आला तर वर जा, चुकला तर खाली. पंधराएक प्रश्नांत ढोबळ जागा सापडते. ही चाचणी मुलाला 'परीक्षा' म्हणून देऊ नका आणि तिचे गुण दाखवू नका. खालून वर येणाऱ्या मुलाच्या पहिल्या दिवसाची सुरुवात नापासच्या शिक्क्याने होता कामा नये.

प्रश्नांची काठिण्यपातळी सुरुवातीला अनुभवी शिक्षकाने ठरवलेली चालते. शंभर-दीडशे मुलांची उत्तरं जमली की राशच्या १९६० च्या प्रतिमानाने (मुलाची कुवत आणि प्रश्नाची काठिण्यपातळी एकाच मापावर मांडणारी रीत) ती मुलांच्या उत्तरांवरून काढा. शिक्षकांना अवघड वाटणारे काही प्रश्न मुलांना सोपे जातात आणि उलटही होतं. ती तफावत शिक्षकांसोबत बसून वाचण्यासारखी असते.

आमच्याकडे सेमी इंग्रजीची मुलं आहेत. त्यांचं काय?

हा प्रश्न पुण्यात सर्वांत जास्त येतो आणि बाहेरून आणलेल्या बहुतेक प्रणाली इथेच फसतात.

सेमीचं मूल गणित आणि विज्ञान इंग्रजीत शिकतं, बाकी सगळं मराठीत, घरी बोलतं मराठी. त्याला न्यूमरेटर, डिनॉमिनेटर माहीत असतात, अंश-छेद नसतात. 'सिंपल इंटरेस्ट' जमतं, पण 'द. सा. द. शे. ८ दराने' वाचलं की थबकतं. उलट चार वाक्यांचं इंग्रजी शाब्दिक उदाहरण वाचताना त्याची दमछाक होते, आणि तेच मराठीत सांगितलं तर तोंडी उत्तर देतं. प्रणालीला यातलं काही दिसत नाही. तिला फक्त चूक दिसते आणि ती मुलाला गणितात दोन पावलं मागे ढकलते.

उपाय असा: प्रत्येक शाब्दिक उदाहरण दोन्ही भाषांत ठेवा, दोन्हींची काठिण्यपातळी वेगळी मोजा आणि प्रश्नाशेजारी भाषा बदलण्याचं एक बटण द्या. ते दाबणं ही मदत घेतली म्हणून गुण कापण्याची बाब नाही. ती भाषेची नोंद आहे, वेगळ्या रकान्यात जाऊ द्या.

संख्यांची नावं हाही असाच विषय. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस' सोबत 'वीस एक' असं वाचन आलं तेव्हा, २०१९ मध्ये, महाराष्ट्रभर वाद झाला होता. कोणत्याही बाजूचे असलात तरी रचना करताना एक लक्षात ठेवा: प्रश्न ऐकवला जात असेल आणि 'एकोणसाठ' ऐकून मुलाने ६९ लिहिलं, तर त्याला स्थानिक किंमत येत नाही असा निष्कर्ष काढू नका. आधी तीच संख्या लिहून दाखवा.

मराठीत टाइप केलेली उत्तरं तपासताना अडचण येते.

देवनागरी अंक आणि इंग्रजी अंक दोन्ही बरोबर धरा. 'ऱ्या' हे अक्षर संगणकात दोन प्रकारे साठवलं जाऊ शकतं. दिसायला सारखं, पण यंत्राच्या लेखी वेगळं. तुलना करण्याआधी सगळं एकाच रूपात आणा. आणि पाचवीतल्या मुलाकडून मराठी शब्द टाइप करून घेणं शक्यतो टाळाच. तो वेळ गणिताला द्या.

घरात एकच फोन, तोही बाबा कामावर नेतात. शिवाय वेल्ह्याकडे रेंज नसते.

मग हीच मूळ परिस्थिती धरून रचना करा. मघाची चार आकड्यांची रीत इतकी हलकी आहे की ती साध्या फोनवर, नेटशिवाय चालते. आठवड्याचे प्रश्न एकदाच उतरवून घ्या, उत्तरं फोनमध्ये साठवा, रेंज आली की पाठवा. पाठवताना 'मूल ०.७४ वर आहे' असा निष्कर्ष पाठवू नका. कोणता प्रश्न, काय उत्तर, केव्हा, ही कच्ची नोंद पाठवा. म्हणजे मुलाने घरी बाबांच्या फोनवर आणि शाळेत टॅबवर सोडवलेलं जुळवताना गोंधळ होत नाही. सगळ्या नोंदी वेळेनुसार लावायच्या आणि आकडा नव्याने काढायचा.

एका फोनवर भावंडं असतात. पासवर्डऐवजी प्रत्येकाला एक चित्र द्या. तरी ताईच्या खात्यात धाकटा खेळतोच. आकडा अचानक कोसळला तर लगेच ताईला खाली ओढू नका, 'आत्ता कोण सोडवतंय?' एवढं विचारा.

मुलं सूचना भराभर उघडून शेवटी उत्तर मिळवतात. काय करावं?

रायन बेकर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हेच वर्तन टिपलं आणि असं करणारी मुलं कमी शिकतात हेही दाखवलं. शेवटच्या सूचनेत उत्तर देऊ नका, तशाच दुसऱ्या उदाहरणाची पूर्ण मांडणी दाखवा आणि मग मूळ प्रश्न परत द्या. पण त्याआधी प्रश्न तपासा. वर्गातली बरीच मुलं एकाच ठिकाणी असं करत असतील तर तो प्रश्न त्यांच्या आवाक्याबाहेरचा आहे, आणि दोष आपल्या रचनेचा आहे.

एखादं मूल वीस-वीस प्रश्न सोडवतं, पण पुढे सरकतच नाही.

थांबवा. दहा प्रश्नांत जमलं नाही तर अकराव्याने जमेल अशी आशा धरू नका. बेक आणि गाँग यांनी २०१३ मध्ये नेमक्या या अवस्थेचा अभ्यास केला आहे. इथे यंत्राने आपली मर्यादा मान्य करून मुलाला दुसऱ्या घटकावर न्यायचं आणि शिक्षकाला कळवायचं.

मग शिक्षकाला नेमकं काय दिसायला हवं?

रंगीबेरंगी आलेख नकोत. पंचेचाळीस मुलांचा वर्ग, पस्तीस मिनिटांची तासिका, मध्येच कार्यालयातून माहिती मागणारा फोन. बाईंना आलेख वाचायला वेळ नाही. सकाळी एक वाक्य पुरे: 'ही पाच मुलं समच्छेद करताना छेदांची बेरीज करतात, त्यांना दहा मिनिटं एकत्र बसवा.' खाली त्या पाचांनी काल लिहिलेली उत्तरं, जशीच्या तशी. आणि 'मला हे पटत नाही' असं एक बटण. बाईंनी मुलाला समोर बसवून पाहिलं असेल तर त्यांचा निर्णय यंत्राच्या आकड्यावर भारी पडला पाहिजे.

यासाठी मुदतही द्या. अमेरिकेत बीजगणिताच्या 'कॉग्निटिव्ह ट्यूटर' या संगणकीय शिकवणीचा मोठा अभ्यास रँड संस्थेने केला, त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. माध्यमिक शाळांत पहिल्या वर्षी फरक दिसला नाही, दुसऱ्या वर्षी दिसला. पहिल्या सत्राच्या निकालावरून प्रयोग गुंडाळणाऱ्या संस्थाचालकांना आम्ही हे आवर्जून सांगतो.

दृश्य, श्राव्य अशा शिकण्याच्या शैलीनुसार धडे द्यावेत का?

नाही. पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधन तपासलं, त्याला पुरेसा आधार सापडला नाही. मुलाला आधी काय येतं यावर खर्च करा.

आता चॅटबॉट आले आहेत. एवढा खटाटोप कशाला?

तुर्कस्तानात जवळपास हजार विद्यार्थ्यांवर जीपीटी-४ चा प्रयोग झाला. मोकळा चॅटबॉट हाताशी होता तेव्हा सरावातले गुण ४८ टक्क्यांनी वाढले, पण तो काढून घेऊन परीक्षा घेतल्यावर हीच मुलं कधीच न वापरलेल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. शिक्षकांनी आखून दिलेल्या सूचनांवर चालणारा, उत्तर न देता फक्त खुणावणारा चॅटबॉट दिला तेव्हा सरावातली वाढ १२७ टक्के होती आणि ते नुकसान जवळपास दिसलं नाही. म्हणजे फरक आखणीने पडला, आणि आखणी करायला नेहमीच्या चुका माहीत असाव्याच लागतात. सूचनांचे मराठी मसुदे लिहायला चॅटबॉट घ्या, ते शिक्षकाच्या नजरेखालून जाऊ द्या. मुलाला आलं की नाही हे त्याला ठरवू देऊ नका.

याने खरंच फरक पडतो का?

पडतो, पण जाहिरातीत सांगतात तेवढा नाही. ब्लूम यांनी १९८४ मध्ये म्हटलं की एकेका मुलाला स्वतंत्र शिकवलं तर सरासरी मूल नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातं, म्हणजे सुमारे दोन प्रमाण विचलनांनी (गुण सरासरीपासून किती पसरलेत याचं माप) वर. हा आकडा प्रत्येक विक्रेता सांगतो. व्हॅनलेन यांनी २०११ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा माणसाच्या शिकवणीचा परिणाम ०.७९ प्रमाण विचलन आणि पायरीपायरीने मदत करणाऱ्या संगणकीय शिकवणीचा ०.७६ निघाला. ब्लूमच्या दाव्यापेक्षा बराच कमी, तरीही भरघोस.

आपल्या जवळचा दाखला दिल्लीचा. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुरलीधरन, सिंग आणि गॅनिमियन यांच्या अभ्यासात चिठ्ठी काढून निवडलेली मुलं 'माइंडस्पार्क' या मुलागणिक बदलणाऱ्या संगणकीय शिकवणीच्या केंद्रांत जात होती. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनाची वाढ दिसली. तिथली सहावीची मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. पण हेही वाचा: दीड तासाच्या सत्रात निम्मा वेळ संगणक आणि निम्मा वेळ छोट्या गटाला शिकवणारा माणूस होता.

तुमच्याकडे मोजायचं असेल तर 'अ' आणि 'ब' तुकडीची तुलना करू नका, अनेक शाळांत तुकड्या गुणांवरूनच पाडलेल्या असतात. एकाच तुकडीत चिठ्ठ्या टाका, आणि परीक्षा ॲपवर न घेता कागदावर घ्या.

शिष्यवृत्ती परीक्षेला उपयोग होईल?

कच्चे दुवे शोधायला होईल. वेळेत पेपर सोडवण्याचा सराव मात्र वेगळा करावा लागतो.

मुलांच्या माहितीचं काय?

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील सगळे बालक आहेत. पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते आणि मुलांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई आहे. मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायलाही मनाई आहे. शैक्षणिक संस्थांना नियमांत मर्यादित सवलत आहे, पण तिच्या भरवशावर जास्तीची माहिती गोळा करू नका. आधार क्रमांक, पत्ता, पूर्ण जन्मतारीख यांच्याशिवाय गणित उत्तम शिकवता येतं. संमतीपत्र मराठीत, एका पानात आणि पालकसभेत वाचून दाखवलेलं असावं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. कोड येत नाही. मी काय करू शकतो?

सर्वांत अवघड भाग तुम्हीच करू शकता. एक घटक निवडा, समजा अपूर्णांकांची बेरीज. वहीत तीन रकाने आखा: प्रश्न, मुलाने लिहिलेलं उत्तर, आणि 'हे कसं काढलंस?' असं विचारल्यावर मुलाने सांगितलेलं, त्याच्याच शब्दांत. '१/३ + १/४ = २/७, वरचे वरचे मिळवले, खालचे खालचे' असं. दोन-तीन आठवड्यांत तीच ती पाच-सहा कारणं परत परत दिसू लागतील. त्यांना क्रमांक द्या आणि प्रत्येकापुढे तुम्ही वर्गात काय करता ते दोन ओळींत लिहा. मुलाचं नाव लिहू नका. इयत्ता आणि माध्यम तेवढं लिहा.